मागाठाण्याची लेणी कुणी पाहिलीत?

या आठवड्यात पेपरातून एक गुळगुळीत जाहिरातपत्रक घरात आलं. 'ऐतिहासिक बोरिवलीच्या कुशीत' चाळीस मजली टॉवर. मोठ्या उत्सुकतेने इतिहास शोधला, तर मॉल, इंटरनॅशनल स्कूल आणि 'मागाठाणे मेट्रो २ मिनिटांवर'. अख्ख्या कागदावर जुनं असं एकच, बिल्डरच्या घराण्याची परंपरा! टॉवरचं नाव अर्थातच इटालियन.

२०२२ च्या गुढीपाडव्याला बोरिवलीत मेट्रो सुरू झाली आणि मंडपेश्वर, एक्सर, मागाठाणे ही नावं स्थानकांवर झळकली, तेव्हा सगळे सुखावले होते. नाव पाटीवर चढलं म्हणजे ठिकाण वाचलं असं होत नाही, हे मी तेव्हाच लिहिलं होतं. हे पत्रक म्हणजे त्याची पोचपावती.

मंडपेश्वर आणि मागाठाणे शेजारी ठेवून बघा. दोन्ही लेणी साधारण सहाव्या शतकातली, मधे रेल्वेचे रूळ. पश्चिमेचं मंडपेश्वर शैव, पूर्वेचं मागाठाणे बौद्ध. मंडपेश्वराच्या वाट्याला काय कमी आलं? सोळाव्या शतकात पोर्तुगीज पाद्री आले, त्यांनी लेण्याचं चर्च केलं, शिल्पांपुढे भिंत घातली, डोक्यावर मठ बांधला. १७३७-३९ दरम्यान मराठ्यांनी साष्टी बेट घेतलं, मग इंग्रज आले. आज आत गेलात तर एका दालनात नटराजाचं भलंमोठं, मोडकंतोडकं शिल्प दिसतं आणि त्याच लेण्यात दगडात खोदलेला क्रूसही दिसतो. वर मठाच्या पडक्या भिंती, शेजारी आयसी कॉलनीचं चर्च, खाली महाशिवरात्रीची रांग. एवढे मालक बदलले, तरी लेणं उभं आहे.

मागाठाण्यावर कुणी स्वारी केली नाही. तिथल्या शेतजमिनीचं दान कान्हेरी लेण्यांतल्या भिक्षूंना दिल्याची नोंद कान्हेरीच्या दगडात कोरलेली आहे, म्हणजे गाव तेव्हाही नावाजलेलं. पण भिक्षू गेले आणि त्यांच्या जागी दुसरं कुणीच आलं नाही. मग वस्ती आली. लेण्यांच्या तोंडाशी घरं आली, पाणी साचलं, बुद्धमूर्ती झिजत गेल्या. कुणी मुद्दाम काही फोडलं असेल-नसेल, पण दुर्लक्षाला छिन्नी लागत नाही.

माझा एक सिद्धान्त आहे, पुरावा मागू नका. उपनगरात वास्तू टिकते ती वापरामुळे, पुरातत्त्व खात्याच्या निळ्या पाटीमुळे नव्हे. जिथे कुणी नारळ फोडतं, मेणबत्ती लावतं, निदान सावलीला पत्ते कुटत बसतं, तिथे अतिक्रमण करणाऱ्याला दहा डोळे दिसतात. जाणकार मला धारेवर धरतील, धरोत.

एक्सरचे वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारक-दगड, नशिबाने मंडपेश्वर आणि मागाठाण्याच्या मधले. दगडाच्या एका पट्टीत वल्ह्यांची जहाजं ओळीने लढाईला निघालेली, वरच्या पट्ट्यांत वीर स्वर्गाच्या वाटेवर, शेवटी शिवलिंगाची पूजा. समुद्रावरची लढाई इतकी तपशीलवार दाखवणारे वीरगळ महाराष्ट्रात विरळाच. काही अभ्यासक ती लढाई शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांची मानतात, म्हणजे १२६५ च्या सुमाराची. काही जण वीरगळ त्याहून जुने धरतात. अभ्यासकांचं भांडण सुरू आहे तोवर मी निश्चिंत आहे. ज्या दगडावर कुणी भांडतच नाही, त्याची काळजी जास्त.

अशा दगडांकडे कुणाचं लक्ष जात नाही, मात्र लाल बदामाचं 'आय लव्ह बोरिवली' लावायला नगरसेवकांना जागाही सापडते आणि निधीही. त्या बदामापुढे सेल्फी काढणाऱ्या किती जणांना मागाठाण्याची वाट सांगता येईल?

मेट्रोवाल्यांकडे मागणं फार नाही. मंडपेश्वर, एक्सर आणि मागाठाणे या तीन स्थानकांत तिकीट खिडकीशेजारी त्या-त्या दगडाचा एक मोठा फोटो लावा, कुठल्या जिन्याने उतरायचं ते लिहा, आणि चालत किती मिनिटं तेही. बिल्डर स्वतःच्या टॉवरसाठी मिनिटं मोजतो, तुम्ही लेण्यांसाठी मोजा. आणि बोरिवलीकरहो, येत्या रविवारी मॉलऐवजी मागाठाण्याला जाऊन या. जाताना पायात जुन्या चपला घाला.