रविवारची मुशाफिरी

मुलगा परदेशी शिकायला गेला, की घरात दोन काळज्या मुक्कामाला येतात. तो काय खात असेल ही आईची, आणि अभ्यास करीत असेल ना ही बापाची. अकोल्याला आमच्या ताईकडे मात्र तिसरीही येऊन बसली : हा रविवारी गेला कुठे?

भाचा जर्मनीत आखेनला यंत्रशास्त्र शिकतो. तिथल्या विद्यापीठात शिकवण्याची फी नाही. पण राहण्याखाण्यासाठी वर्षाचे 11,904 युरो आधीच एका बंद खात्यात भरावे लागतात आणि त्यातले महिन्याला 992च हाती पडतात. ही रक्कम उभी करायला भाऊजींनी राहते घर बँकेकडे गहाण टाकले. तेव्हा दर रविवारी घरच्या ग्रुपवर, कधी चर्चसमोर तर कधी नदीच्या पुलावर उभे असलेले चिरंजीव पाहून त्यांचे डोके तापले, यात त्यांना दोष देववत नाही. एकदा तर जर्मनी, हॉलंड आणि बेल्जियम यांच्या सीमा जिथे मिळतात त्या खांबाला टेकून स्वारी हसत होती. भाऊजींनी खाली एकच ओळ लिहिली, "शिकायला गेलास का गावं पाहून राहिलास?"

त्या दिवसापासून फोटो बंद झाले. मग फोनही आखडला. "बरा आहे, अभ्यास आहे," यापलीकडे शब्द नाही. ताई रात्री मला अमरावतीला फोन करून रडू लागली.

खरे सांगू का वाचकहो, हे भांडण नव्या सोयींनी आणलेले आहे. आपल्या पापळचे पंजाबराव देशमुख 1920च्या दशकात एडिंबरा आणि ऑक्सफर्डला शिकत होते, तेव्हा टपाल बोटीने येई. मुलगा रविवारी कुठे हिंडला हे घरी कळेपर्यंत दोनतीन आठवडे उलटत. इतक्या शिळ्या गोष्टीवर कोण रागावणार? आता मुलगा पुलावरून उतरायच्या आत बापाचा रक्तदाब चढलेला असतो.

मी भाच्याला सरळ हिशेब विचारला. आईबापांपुढे न उघडणारे तोंड मावशीपुढे उघडते. "अवो मावशी, गाडीचा पास विद्यापीठाच्या वर्गणीतच येतो. देशभर चालतो, फक्त जलद गाडीत बसता येत नाही. बाबांना वाटते मी पैसे उडवून राहिलो." शनिवारी रात्री हा पोळ्या लाटतो, बटाट्याची भाजी करतो आणि डबा घेऊन निघतो. का निघतो, तेही मग सांगितले. रविवारी तिथे किराण्याची दुकानेसुद्धा बंद. डिसेंबरात साडेचारलाच अंधार. पहिल्या हिवाळ्यात दोन रविवार असे गेले, की दिवसभरात तो कोणाशी एक शब्द बोलला नाही. तिसऱ्या रविवारी घाबरूनच स्टेशनावर गेला, समोर आली त्या गाडीत बसला आणि कोलोनला उतरला.

तिथल्या चर्चच्या मनोऱ्याच्या 533 पायऱ्या तो चढला. हे बांधकाम 1248 मध्ये सुरू झाले आणि पुरे झाले 1880 मध्ये! मध्ये जवळजवळ तीनशे वर्षे काम ठप्प, आणि अर्धवट मनोऱ्यावर लाकडी यारी तशीच उभी. (आपल्या उड्डाणपुलांना नावे ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.) मला वाटले, चिरंजीव रंगीत काचांचे वर्णन करतील, पण त्यांनी अर्धा तास त्या यारीचेच सांगितले. माणसे मोठ्या चाकात चालत आणि त्या जोरावर दगड वर जात. वरच्या छपराचा सांगाडा मात्र एकोणिसाव्या शतकातला, लोखंडी. पोराच्या आवाजात कितीतरी दिवसांनी जीव आला होता.

हिंडण्यातही शिक्षण असते, असे मी भाऊजींना ऐकवले नाही. हप्ता भरणाऱ्या माणसापुढे ते वाक्य फार हलके पडते. दोन रविवारांची गोष्ट मात्र जशीच्या तशी सांगितली. ते काही बोलले नाहीत. चष्मा पुसत बसले.

मे महिन्यात जोडून सुट्टी आली. भाचा साध्या गाड्या बदलत बदलत दिवसभराने बर्लिनला पोचला आणि दुसऱ्या दिवशी त्याने एकट्या बाबांना फोटो पाठवला. एक मोठी, तडा गेलेली घंटा. ही 1936च्या ऑलिंपिकची. स्टेडियमच्या आवारात ठेवलेली आहे. खाली लिहिले होते, "बाबा, तुमच्या मंडळाची माणसं इथं आली होती."

आता सांगायला हवे, की भाऊजी कॉलेजसाठी अमरावतीला असताना हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात मल्लखांब करीत. 1914 साली वैद्य बंधूंनी काढलेल्या या मंडळाचे पथक 1936 मध्ये बर्लिनला गेले होते आणि तिथे त्यांनी कबड्डीसारखे आपले खेळ जगाला दाखवले होते. मंडळात वाढलेल्या माणसाला ही हकीकत घरच्या आजोबांच्या गोष्टीसारखी पाठ असते. पण ती जागा डोळ्यांनी पाहून आलेले आमच्या घरात कोणी नव्हते.

ताई म्हणते, भाऊजी तो फोटो बोटांनी मोठा करकरून पाहत होते. मग त्यांनी आपण होऊन फोन लावला. ध्यानचंदच्या संघाने जर्मनीला 8-1 हरवले ते मैदान हेच का, असे विचारले. ते हॉकीचे मैदान वेगळे, पण जवळच, असे उत्तर आले. "मग उद्या तेही पाहून घे," भाऊजी म्हणाले, आणि लगेच आवाज चढवून, "अन् रात्री उतरलास कुठे? त्याचे किती पडले?"

यंदा ताईने चिवड्याचे आणि करंज्यांचे पार्सल दसऱ्यालाच रवाना केले. भाऊजींनी त्यात स्वतःच्या हाताने एक वस्तू घातली : घट्ट झाकणाचा, तीन कप्प्यांचा नवा डबा.