प्रतिस्पर्धी बदलला, पवित्रा बदला



चौदा मीटर लांबीच्या अरुंद पट्ट्यावर साठी उलटलेले दोन खेळाडू समोरासमोर उभे आहेत. चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा, अंगावर जाड पांढरा पोशाख, हाती लवचीक पात्याची तलवार. हे दृश्य काल्पनिक नाही. ज्येष्ठांच्या जागतिक तलवारबाजी स्पर्धेत पन्नाशी, साठी आणि सत्तरीपुढील खेळाडूंसाठी स्वतंत्र गट असतात. नियमही वयाचा मान राखतात. तरुणांची बाद फेरीतील लढत 15 गुणांची, तीन मिनिटांच्या तीन सत्रांची असते. ज्येष्ठांची मात्र 10 गुणांची आणि दोन सत्रांची. मध्ये एक मिनिट विसावा.

तलवारबाजीच्या तीन प्रकारांपैकी ‘एपे’ हा संयमाचा प्रकार होय. यात मस्तकापासून पावलापर्यंत कोठेही तलवारीचे टोक टेकले की गुण मिळतो. दोघांचे टोक जवळजवळ एकाच क्षणी टेकले, तर गुण दोघांनाही मिळतो. त्यामुळे उतावीळपणे केलेला वार पुष्कळदा आपल्यावरच उलटतो.

आरंभीच्या साखळी फेरीत पाच गुणांच्या छोट्या लढती होतात आणि दर लढतीला समोर निराळी व्यक्ती येते. एखादा उंच असतो. त्याचा हात लांबूनच पोहोचतो. त्याच्याशी त्याच्या सोयीच्या अंतरावर लढणे म्हणजे पराभवाला आमंत्रण. येथे त्याच्या टप्प्याबाहेर राहून, त्याने हात पुढे केला की मनगटावर नेम धरावा. दुसरा वादळासारखा अंगावर येतो. त्याच्यापुढे वेगाची स्पर्धा न करता एक पाऊल मागे घेऊन टोक समोर रोखून धरावे. पुष्कळदा तो स्वतःच त्यावर येऊन आदळतो. तिसरा नुसता वाट पाहतो. त्याला खोट्या हालचालीने बोलते करावे लागते. आणि 4-3 अशी आघाडी असताना धाडसाची गरजच नसते. दोघांना एकदम गुण मिळाला तरी लढत आपलीच.

यांत सर्वांत कठीण काय असेल? वार नव्हे, तर आपला आवडता वार सोडून देणे. ज्या डावाने तीस वर्षे जिंकून दिले, तो आज चालत नाही, हे मान्य करायला मन तयार होत नाही.

हंगेरीचे अलादार गेरेविच यांनी 1932 ते 1960 या काळात सहा ऑलिंपिक स्पर्धांत सेबर प्रकारातील सांघिक सुवर्णपदक मिळवले. शेवटच्या पदकाच्या वेळी त्यांचे वय होते पन्नास, आणि सेबर हा तर तिन्हींतील सर्वांत वेगवान प्रकार.

आता आपल्या घराकडे वळू. आपला प्रतिस्पर्धी मुखवटा घालून येत नाही. कधी तो ओल्या न्हाणीघराच्या रूपाने येतो, कधी रात्रीच्या अंधाराच्या, कधी दुखऱ्या गुडघ्याच्या. ‘हा जिना मी आयुष्यभर कठड्याविना चढलो,’ हा आपला जुना, आवडता वार. पण एका पडण्याने घराबाहेरचे स्वतंत्र जगणे हिरावले जाऊ शकते. काठी हाती घेणे, कठडा धरणे, अंथरुणातून उठताना क्षणभर कडेवर बसणे ही माघार नव्हे. ते मागे घेतलेले एक शहाणे पाऊल आहे.

तलवारबाजाचा पवित्रा मुख्यतः तोल सांभाळण्यासाठी असतो. त्यातील झेप घरी मुळीच करून पाहू नये. त्यातला साधा अंश मात्र घेता येईल. स्वयंपाकघराच्या ओट्याला हात टेकवून, पावलांत थोडे अंतर ठेवून उभे राहा. शरीराचा भार सावकाश उजव्या पायावरून डाव्या पायावर न्या, पुन्हा परत आणा. श्वास रोखू नका. जवळ कोणीतरी असावे. चक्कर आली किंवा छातीत दुखले, तर तत्काळ थांबा आणि वैद्यकीय मदत घ्या. पूर्वी पडला असाल, तर आधी डॉक्टरांचा अथवा फिजिओथेरपिस्टचा सल्ला घेऊनच आरंभ करा.

आणि शुश्रूषा करणाऱ्यांनो, आपली भूमिका विसाव्याच्या त्या एका मिनिटात पट्ट्याशी येणाऱ्या प्रशिक्षकासारखी आहे. जाणता प्रशिक्षक तेवढ्या वेळात दहा चुका मोजून दाखवत नाही. उपयोगाची एकच गोष्ट सांगतो. आईबाबांचा आजचा दिवस कालच्यासारखा नसेल. काल ज्या शब्दांनी औषध घेतले गेले, ते आज नाकारले जाईल. तेव्हा आवाज चढवण्याऐवजी पवित्रा बदलून पाहा: थोडे थांबा, विषय बदला, पुन्हा या.

लढत संपल्यावर तलवारबाज मुखवटा काढून एकमेकांना अभिवादन करतात. रात्री दिवा मालवताना आपणही आजच्या दिवसाला तसेच अभिवादन करावे. उद्याचा प्रतिस्पर्धी निराळा असेल. त्याला उद्या पाहू.