रिपोर्ट नॉर्मल, पण कुणासाठी?

गेल्या महिन्यात बाबांचा लिपिड प्रोफाइल आला. एलडीएल ११८. शेजारी लॅबने छापलेलं, '१३० पर्यंत'. म्हणजे ठळक अक्षर नाही, बाण नाही, स्टार नाही. बाबा एकदम खूश! आईला म्हणाले, ''रविवारी बटाटेवडे होऊन जाऊ देत.''

फॅमिली डॉक्टरांनी कागद बघून एवढंच विचारलं, ''बीपीची गोळी किती वर्षं चालू आहे?''

नऊ.

''मग हा आकडा तुमच्यासाठी नॉर्मल नाही.''

मी चाटच पडले. आपण रिपोर्टमध्ये फक्त ठळक अक्षरं शोधतो ना! पण लॅबची रेंज सगळ्यांना एकच. समोरच्याला बीपी आहे की डायबेटिस, हे त्या कागदाला कुठून कळणार? वाढलेल्या प्रेशरने रक्तवाहिनीचं आतलं अस्तर दुखावतं आणि एलडीएलला आत शिरायला आयती वाट मिळते. म्हणूनच कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या २०२४ च्या गाइडलाइन्स बीपी, डायबेटिससारख्या हाय-रिस्क मंडळींना एलडीएल ७० च्या खाली ठेवायला सांगतात.

घरी येऊन वाचत बसले. २००३ साली 'लॅन्सेट'मध्ये 'ॲस्कॉट' नावाचा अभ्यास आला होता. युरोपातले १०,३०५ बीपीवाले, जोडीला वय, सिगारेट असे आणखी धोके, पण कोलेस्टेरॉल फार चढलेलं नाही. थोडक्यात, आमच्या बाबांसारखेच. निम्म्यांना ॲटोर्व्हास्टॅटिन १० मिलिग्रॅम, निम्म्यांना नुसती दिसायला तशीच गोळी. साधारण सव्वातीन वर्षांतच हा भाग थांबवला, कारण औषधवाल्यांमध्ये हार्ट ॲटॅक आणि त्याने होणारे मृत्यू ३६ टक्क्यांनी कमी होते.

''अगं, पण आणखी एक गोळी? जन्मभर?'' बाबा कुरकुरले. (व्हॉट्सॲपवरची लसणाची पाकळी मात्र विनातक्रार चालते!) चालणं, मीठ-पापड कमी, हे आहेच. आणि स्नायू दुखले तर फोन करा, गोळी परस्पर बंद करू नका, असं डॉक्टरांनी बजावलंय.

हो, एक सांगायचं राहिलं. निघताना डॉक्टरांनी सहज माझ्या दंडाला पट्टा बांधला. १३८/८८. वय २८.

''सर, डेडलाइन होती,'' मी म्हटलं.

''बरं. पुढच्या आठवड्यात परत बघू. आणि लिपिड करून घे, पहिल्यांदा उपाशीपोटीच हवं असं नाही.''

बाबा काही न बोलता खालच्या मेडिकलमध्ये शिरले. माझी लॅबची वेळ शनिवारची आहे.