दयेच्या दुकानातील स्वस्ताई

भोकरदनच्या आठवडी बाजारात जुन्या कपड्यांचे ढीग नेहमीच दिसतात. जमिनीवर ताडपत्री अंथरलेली, तिच्यावर शहरातून आलेले सदरे, स्वेटर, साड्या, आणि भोवती उकिडवे बसून निवड करणारी माणसे. त्यांत कापूस वेचणाऱ्या मजूर बायाही असतात. ज्या तालुक्याची काळी जमीन कापूस पिकवते, तिथल्याच हातांना अंगावरचे कापड जुने घ्यावे लागते, या विसंगतीची आपल्या डोळ्यांना आता सवय झाली आहे.

परंतु आज आम्हांला बोलावयाचे आहे ते त्या बाजाराविषयी नव्हे. नाताळापूर्वी चर्चच्या आवारात आपण जी जुन्या कपड्यांची विक्री मांडतो, तिच्याविषयी. शहरातील धर्मग्रामांतून गाठोडी येतात, महिला मंडळ ती सोडून निवडते, पाच रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंतच्या चिठ्ठ्या लावते. जमलेली रक्कम गरिबांच्या निधीत जाते. या विक्रीवर एक आक्षेप उघडपणे घेतला जातो : दानात आलेली वस्तू ख्रिस्तसभेने विकू नये, फुकट वाटावी. दुसरा आक्षेप कुणी घेत नाही. तो आम्हीच घेणार आहोत.

आधी पहिल्याचा विचार करू. एका वर्षी शेजारच्या वाडीवरील एक मजूर स्त्री टेबलापाशी आली. तिची परिस्थिती ठाऊक असल्याने आम्ही म्हणालो, "बाई, ही साडी तशीच घेऊन जा." ती म्हणाली, "फुकट नको, फादर. किती द्यायचे ते सांगा." चिठ्ठीवर वीस रुपये होते. तिने साडी उलगडली, उजेडात धरून कुठे विरली आहे का ते पाहिले, काठ तपासला आणि पंधराला मागितली. घासाघीस झाली. पंधरा रुपये मोजून, साडी काखेत मारून ती गेली. ती गिऱ्हाईक होऊन आली होती आणि आम्ही तिला याचक करू पाहत होतो. आपल्या घरच्या माउलीसुद्धा बोहारणीशी एका पातेल्यावरून अर्धा तास वाद घालतातच. त्या वादात दोघी बरोबरीच्या असतात. फुकट वाटपाच्या रांगेत, फोटोच्या क्षणी, ही बरोबरी कुठे असते?

फ्रेडरिक ओझानाम आणि त्यांचे विद्यार्थी मित्र यांनी १८३३ साली पॅरिसमध्ये सुरू केलेली संत व्हिन्सेंट दी पॉल संस्था आज आयर्लंड, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया येथे जुन्या वस्तूंची दुकाने चालवते. तेथे कोणीही आत यावे, पारखावे, किंमत द्यावी. आपल्या देशात अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये 'गूंज' उभारली. गावकरी विहीर खणतात, रस्ता दुरुस्त करतात आणि त्या श्रमाचा मोबदला म्हणून कपडे घेतात. या कार्यासाठी गुप्ता यांना २०१५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार लाभला. तेव्हा किंमत लावणे म्हणजे दुकानदारी हे आम्हांला मान्य नाही. घेणाऱ्याला परवडेल अशी किंमत हा त्याचा मान आहे.

आता दुसरा आक्षेप. विक्री सकाळी सुरू होते, पण चांगला माल आदल्या संध्याकाळीच संपलेला असतो. निवड करणाऱ्यांच्या ओळखीने पगारदार कुटुंबे आत येतात, लोकरीचे कपडे, न वापरलेल्या चादरी, मुलांचे बूट उचलतात, आणि "काय स्वस्तात मिळाले!" म्हणून आठवडाभर सांगत फिरतात. सकाळी वाडीवरची माणसे येतात तेव्हा उरलेले असतात तुटक्या गुंड्यांचे सदरे. यावर उत्तर तयार असते : "आम्ही पैसे देऊनच घेतले, पैसा गरिबांनाच गेला ना?" हे उत्तर वरवर बिनतोड वाटते. पण हिशेब मांडून पाहू. बाजारात तीनशे रुपयांना मिळणारा स्वेटर आपण तीस रुपयांना नेला, तर गरिबांच्या निधीत तीस रुपये पडले आणि दोनशे सत्तर रुपये आपल्या खिशात राहिले. ही सवलत दात्याने कुणासाठी दिली होती? ज्याला तीनशे परवडत नाहीत त्याच्यासाठी. शिवाय डिसेंबरच्या पहाटे कापसाच्या रानात जाणाऱ्या बाईला निधीतील तीस रुपयांनी ऊब येत नाही. तिला तो स्वेटरच हवा होता.

हे लिहिताना आम्ही स्वतःला वगळत नाही. गेल्या वर्षी गाठोड्यातील एक करडा स्वेटर आम्हीच "नंतर पैसे टाकू" असे म्हणून बाजूला ठेवला होता. पैसे टाकले, तीसच टाकले.

गाठोडी पाठवणाऱ्यांनाही दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर जुन्या कपड्यांचे ढिगारे रस्त्याकडेला पडून राहिले. संकटग्रस्तांनीसुद्धा अंगाला लावू नयेत असे ते कपडे होते. आमच्या गाठोड्यांतही फाटकी अंतर्वस्त्रे आणि एका पायाची चप्पल निघते. याला दान म्हणत नाहीत, घर झाडणे म्हणतात. आमिआँच्या वेशीपाशी संत मार्टिनने थंडीने कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला जुना झगा शोधून दिला नाही. अंगावरचाच तलवारीने दुभागून दिला. आणि भोकरदनकरांना तर इतके दूर जाण्याचेही कारण नाही. आपल्या गावाचे प्राचीन नाव भोगवर्धन. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी या गावच्या दात्यांनी दिलेल्या दानाची नोंद सांचीच्या स्तूपावर कोरलेली आहे. त्यांचा धर्म वेगळा होता, पण त्यांचे दान स्तूपासाठी घडवलेल्या दगडाचे होते, कुणाच्या पडक्या भिंतीतून काढलेल्या दगडाचे नव्हे.

म्हणून आमचे म्हणणे असे. गाठोड्यात तेच घालावे, जे आपल्या मुलाला घालून मिस्साला नेण्यास आपल्याला लाज वाटणार नाही. आणि ते धुऊन, इस्त्री करून, गुंड्या लावून घालावे. आदल्या संध्याकाळी कुणालाही, निवड करणाऱ्यांना आणि धर्मगुरूलासुद्धा, काहीही मिळू नये. पहिला दिवस मजूर कुटुंबांचा असावा. दुसऱ्या दिवशी पगारदारांनी अवश्य यावे, मात्र चिठ्ठीवरची किंमत नव्हे, तर वस्तूचे खरे मोल पेटीत टाकावे. जमाखर्च चर्चच्या दारावर लावावा. पोटाला अन्न व अंगाला वस्त्र नसलेल्याला नुसते "सुखाने जा, ऊब घे" असे सांगणाऱ्यांना संत याकोबाने आपल्या पत्रात खडसावले आहे. ऊब विकायला मांडून ती आपणच उचलणाऱ्यांना तो काय म्हणाला असता, याचा विचार येत्या विक्रीपूर्वी आपण प्रत्येकाने आपापल्या कपाटापुढे उभे राहून करावा.

तो करडा स्वेटर धुऊन ठेवला आहे. यंदा पहिल्या दिवशी तो टेबलावर असेल.