ओढण्याचे सामर्थ्य आणि इंधनाचा हिशेब

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत शहराबाहेर पडणाऱ्या कोणत्याही राजमार्गावर एक विशिष्ट प्रकारची मोटारगाडी वारंवार दृष्टीस पडते. तिच्या पुढील भागात बसण्याची बंदिस्त जागा आणि मागे उघडा हौदा असतो. तिला तेथे ‘पिकअप’ म्हणतात, आणि भारतातही हाच शब्द आता रूढ झाला आहे. परंतु भारतातील पिकअप बहुधा पाठीवर माल वाहते, तर अमेरिकेतील पिकअपकडून त्याखेरीज मागे जोडलेला ट्रेलर ओढण्याचेही काम घेतले जाते. ह्या ट्रेलरवर कधी घोडे असतात, कधी गवताच्या गंज्या, कधी होडी, तर कधी चाकांवरचे आख्खे घर.

अशी गाडी विकत घेणाऱ्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो एंजिनाचा. पेट्रोलचे घ्यावे की डिझेलचे? ह्या प्रश्नाचा निकाल बहुधा एकाच आकड्यावरून लावला जातो : गाडी जास्तीत जास्त किती वजन ओढू शकते? जाहिरातींत हाच आकडा मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. वस्तुतः निवडीसाठी ह्याच्याइतका अपुरा मार्गदर्शक दुसरा नाही. गाडीची परीक्षा तिने वर्षातून एकदा ओढावयाच्या ओझ्यावरून नव्हे, तर तिच्या नित्याच्या कामावरून, आणि ते ओझे उतारावर सुरक्षितपणे आवरण्याच्या तिच्या क्षमतेवरून झाली पाहिजे.

डिझेलचे बल कशात आहे?

डिझेल एंजिनाची थोरवी खोटी नव्हे. रुडॉल्फ डिझेल (जन्म पॅरिस, १८५८) ह्या अभियंत्याने जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे सिद्ध केलेल्या एंजिनाची १८९७ साली चाचणी झाली, तेव्हा इंधनातील उष्णतेपैकी चौथ्या हिश्शाहून थोडा अधिक भाग कार्यात परिणत होतो असे आढळले. त्या काळच्या वाफेच्या यंत्रांच्या मानाने हे प्रमाण पुष्कळच मोठे होते.

ह्या एंजिनाचे तत्त्व सोपे आहे. दट्ट्या सिलिंडरातील निव्वळ हवा तिच्या मूळ आकारमानाच्या सोळाव्या-सतराव्या भागापर्यंत दाबतो. इतकी दाबली गेलेली हवा एवढी तापते की तिच्यात फवारलेले तेल ठिणगीवाचून पेट घेते. पेट्रोल एंजिनात हवा व इंधन ह्यांचे मिश्रण एकत्रच दाबावे लागते. ते फार दाबले तर अवेळी पेटते, म्हणून दाबास मर्यादा पडते. जितका दाब अधिक, तितके ज्वलनानंतरचे प्रसरण अधिक, आणि तितके उष्णतेतून मिळणारे कार्यही अधिक.

दुसरा फरक हवेच्या वाटेत आहे. पेट्रोल एंजिनाची शक्ती कमी करावयाची तर हवा आत येण्याचा मार्गच अर्धवट बंद करावा लागतो, आणि ह्या चिंचोळ्या वाटेने हवा ओढून घेण्यात काही शक्ती वाया जाते. डिझेल एंजिनात हवा मोकळेपणाने येते. कमी होते ते केवळ इंधन. तिसरी गोष्ट म्हणजे टॉर्क, अर्थात दांड्यास पीळ देणारा जोर. टर्बोचार्जर जोडलेले डिझेल एंजिन हा जोर अगदी मंद गतीतही देते, आणि जड ओझे जागचे हलविण्यास नेमका तोच लागतो.

१९८९ सालच्या डॉज पिकअपमध्ये कमिन्स कंपनीचे ५.९ लिटरचे डिझेल एंजिन बसविण्यात आले. त्याची शक्ती अवघी १६० अश्वशक्ती होती, परंतु टॉर्क सुमारे ५४२ न्यूटन-मीटर होता. थोड्या अश्वशक्तीचे हे एंजिन ओढण्याच्या कामात नावाजले गेले. पुढे कंपन्यांची स्पर्धा सुरू झाली, आणि २०२१ साली त्याच घराण्यातील रॅम पिकअपच्या एंजिनाचा टॉर्क १,४५० न्यूटन-मीटरच्या वर गेला. बत्तीस वर्षांत आकडा अडीच पटींहून अधिक वाढला. सामान्य ग्राहकाचा ट्रेलर मात्र त्याच प्रमाणात जड झाला, असे कोणी म्हणणार नाही.

लिटर आणि लिटर ह्यांतील भेद

डिझेल गाडी कमी इंधनात अधिक अंतर जाते, हे खरे. परंतु येथे तुलना सारख्या वस्तूंची होत नाही. डिझेल हे पेट्रोलपेक्षा घन असते. एकाच मापात त्यात सुमारे १३ टक्के अधिक ऊर्जा असते. त्याचप्रमाणे एक लिटर पेट्रोल जळले असता सुमारे २.३५ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो, तर एक लिटर डिझेलपासून सुमारे २.६९ किलोग्रॅम.

एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. फोर्ड कंपनीच्या एफ-१५० ह्या पिकअपच्या २०१८ सालच्या नमुन्यात ३ लिटरचे डिझेल एंजिन मिळत असे. केवळ मागील चाकांना गती देणाऱ्या गाडीसाठी त्याचा सरकारी सरासरी आकडा गॅलनला २५ मैल, म्हणजे लिटरला सुमारे १०.६ किलोमीटर होता. त्याच गाडीच्या २.७ लिटर पेट्रोल एंजिनाचा आकडा गॅलनला २२ मैल, म्हणजे लिटरला सुमारे ९.४ किलोमीटर होता. वर्षाला २०,००० किलोमीटर प्रवास धरला, तर डिझेलमुळे सुमारे २५५ लिटर इंधन वाचते. पण कार्बन डायऑक्साइडचा हिशेब केला तर दोन्ही गाड्या पाच टनांच्या आसपास येऊन जवळजवळ बरोबरीत राहतात. डिझेल एंजिनासाठी ग्राहकास काही हजार डॉलर अधिक मोजावे लागत. शिवाय अमेरिकेत डिझेलवरील संघीय कर गॅलनला २४.४ सेंट, तर पेट्रोलवरील १८.४ सेंट आहे, आणि पंपावरही डिझेल बहुधा महाग असते. रिकाम्या हौद्याने हिंडणाऱ्या मालकाची ही अधिक किंमत भरून निघण्यास किती वर्षे लागतील, हे शाळेतील विद्यार्थीही काढू शकेल. हे एंजिन त्या गाडीत २०२१ च्या नमुन्यानंतर मिळेनासे झाले.

हिशेबाची आणखी एक चूक सर्वत्र आढळते, आणि ती भारतातील वाहनधारकही करतात. लिटरला किती किलोमीटर, ह्या भाषेत विचार केला की बचतीचा अंदाज चुकतो. अमेरिकेतील लॅरिक व सोल ह्या दोन संशोधकांनी २००८ साली ह्या भ्रमाकडे लक्ष वेधले. एक गाडी लिटरला १० ऐवजी १२ किलोमीटर जाऊ लागली, तर १५,००० किलोमीटरांत २५० लिटर वाचतात. दुसरी, जड ओझे ओढणारी गाडी ५ ऐवजी ६ किलोमीटर जाऊ लागली, तर तेवढ्याच अंतरात ५०० लिटर वाचतात. पहिलीत दोन किलोमीटरांची वाढ आहे, दुसरीत एकाचीच; तरी बचत दुसरीची दुप्पट. डिझेलचा खरा लाभ कोणास, ह्याचे उत्तर ह्या उदाहरणात आहे. जो नेहमी जड ओझे दूर अंतरावर ओढतो, त्याच्या खात्यावर लहानशी सुधारणाही मोठी रक्कम जमा करते.

दुर्दैवाने अशाच ग्राहकास सरकारी आकडा उपलब्ध नसतो. ज्या पिकअपचे मालासह अनुज्ञेय वजन ८,५०० पौंडांहून, म्हणजे सुमारे ३,८५५ किलोग्रॅमहून अधिक आहे, तिच्यावर इंधनखर्चाची सरकारी चिठ्ठी लावण्याचे बंधन अमेरिकेत नाही. सर्वांत अधिक तेल पिणाऱ्या गाड्याच अशा रीतीने तुलनेतून सुटतात. हा नियम ग्राहकाच्या हिताचा नाही.

मानेवरचा भार आणि उतार

बैलगाडी भरणाऱ्या शेतकऱ्यास एक गोष्ट शिकवावी लागत नाही. माल मागे अधिक झाला तर गाडी उलाळते. पुढे अधिक झाला तर बैलांच्या मानेवर भार येतो. ट्रेलरचेही तसेच आहे. त्याच्या वजनाचा १० ते १५ टक्के भाग पिकअपच्या मागील जोडावर टेकलेला असावा लागतो. तो कमी पडला तर वेगात ट्रेलर डावी-उजवीकडे झोलू लागतो. हा भार पिकअपच्या पाठीवरचाच भार होय. समजा, एखादी पिकअप पाठीवर ७५० किलोग्रॅम वाहू शकते. तिच्यामागे ३,६०० किलोग्रॅमचा ट्रेलर जोडला, तर १२ टक्क्यांच्या हिशेबाने ४३२ किलोग्रॅम जोडावर येतील. आत चार माणसे बसली की आणखी ३०० झाले. जोडाचे लोखंड ४० किलोग्रॅम धरले, तर बेरीज ७७२ होते. हौद्यात एक हातोडीही न ठेवता मर्यादा ओलांडली गेली! जाहिरातीत मात्र अशीच गाडी पाच टन ओढणारी म्हणून मिरवत असते. डिझेल एंजिन स्वतःच अधिक जड असल्याने ही पाठीवरची मर्यादा आणखी घटते. म्हणून ओढण्याच्या आकड्याआधी दाराच्या चौकटीवर लावलेली भारमर्यादेची पट्टी वाचणे हेच शहाणपणाचे.

ओढण्याचे आकडे पूर्वी प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीने ठरवीत असे. २००८ साली अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संस्थेने जे-२८०७ हे मानक प्रसिद्ध केले. अ‍ॅरिझोनातील डेव्हिस धरणाजवळच्या सुमारे १८ किलोमीटरांच्या चढाचा त्यात आधार घेतला आहे. कडक उन्हात, वातानुकूलन चालू ठेवून, ठरावीक किमान वेगाने गाडीने तो चढला पाहिजे. हे मानक स्वागतार्ह आहे. परंतु चढ चढता आला नाही तर गाडी केवळ मंदावते. उतारावर आवरता आली नाही तर माणसे मरतात.

पिकअप व ट्रेलर मिळून सहा टन वजन ९०० मीटर खाली उतरत आहे असे समजू. त्यात सुमारे ५३ दशलक्ष जूल ऊर्जा मुक्त होते. एवढ्या उष्णतेने दीडशे लिटरांहून अधिक थंड पाण्यास उकळी येईल. हवेच्या व रस्त्याच्या विरोधाने त्यातील काही भाग खर्च होतो. बाकीचा सर्व ब्रेकांस सोसावा लागतो, आणि तापलेले ब्रेक हळूहळू निकामी होतात. घाट ज्या गिअरमध्ये चढला त्याच गिअरमध्ये उतरावा, हा भारतातील जुन्या चालकांचा नियम ह्याच कारणाने योग्य आहे. डिझेल एंजिनात हवा मोकळी येत असल्यामुळे त्याचा स्वाभाविक अवरोध थोडा असतो. म्हणून बाहेर जाणारा धूर कोंडून दट्ट्यांना विरोध करणारा ‘एक्झॉस्ट ब्रेक’ जोडावा लागतो. तो जोडलेली जड डिझेल पिकअप उतारावर फार भरवशाची ठरते. डिझेलच्या बाजूने सांगता येईल असा हा सर्वांत सबळ मुद्दा आहे, पण जाहिरातीत त्याला क्वचितच स्थान मिळते.

धुराचे मोल

डिझेलचा धूर माणसाच्या फुप्फुसात कर्करोग उत्पन्न करतो, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०१२ साली दिला. आधुनिक डिझेल गाडीत काजळी अडविणारी गाळणी असते, आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे निराकरण करण्यासाठी युरियाचे द्रावण वापरले जाते. गाळणीतील काजळी जाळून टाकण्यास एंजिन बराच वेळ तापलेले राहावे लागते. रोज चार-पाच किलोमीटर जाऊन थांबणाऱ्या गाडीत ते घडत नाही. गाळणी तुंबते आणि दुरुस्तीचा खर्च वाढतो. ज्याचे फेरे आखूड आहेत त्याने डिझेल घेणे म्हणून चुकीचे.

काही मालक ही उपकरणेच काढून टाकतात. आधीच्या दशकभरात साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपांतून ती काढली गेली, असा अंदाज अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२० साली दिला. ह्या कृतीने खर्च वाचत नाही. तो केवळ मालकाच्या खिशातून शेजाऱ्याच्या फुप्फुसांकडे वळविला जातो. त्यास काटकसर म्हणणे हा शब्दाचा दुरुपयोग होय.

निवडीचा निकष

मोठ्या एंजिनाचे समर्थक म्हणतात की सामर्थ्याचा साठा असावा. यंत्रास ताण कमी पडतो व ते अधिक टिकते. ह्या म्हणण्यात तथ्य आहे. जो पशुपालक आठवड्यातून अनेकदा चार-पाच टन गुरे डोंगराळ वाटेने नेतो, त्याने जड डिझेल पिकअपच घ्यावी; तिची किंमत त्याला परत मिळेल. परंतु वर्षातून दोनदा होडी तळ्यावर नेणाऱ्या गृहस्थाने उरलेले शेकडो दिवस दोन-तीन टनांचे लोखंड एकट्याने हिंडवावे, ह्यात विवेक नाही. त्याला साधे पेट्रोल एंजिन पुरे आहे. ट्रेलर ओढताना त्याने वेग थोडा कमी केला तरी इंधन वाचेल, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो.

हा विचार केवळ अमेरिकेपुरता नाही. पश्चिम महाराष्ट्रात गळीत हंगामात एकेका ट्रॅक्टरमागे उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या धावतात, आणि पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. ट्रॅक्टर किती ओढतो ह्याचा अभिमान गावोगावी ऐकू येतो. तो किती आवरतो, हे विचारले जात नाही. गाडी अमेरिकेतील असो वा भारतातील, ती घेण्यापूर्वी कागदावर चार गोष्टी लिहाव्यात : रोजचे ओझे, रोजचे अंतर, वाटेतील सर्वांत तीव्र उतार, आणि पाठीवरील भाराची मर्यादा. कोणते एंजिन घ्यावे हे त्या चार ओळींवरून ठरवावे, आणि त्यानंतरच दुकानाची पायरी चढावी.