समोच्चारी शब्दांचे भय

वेगळ्या अर्थाचे दोन शब्द एका उच्चारावर आले की त्यांपैकी एकाचा बहुधा अंत होतो, असे राजकवी रॉबर्ट ब्रिजेस यांनी १९१९ साली ‘सोसायटी फॉर प्युअर इंग्लिश’च्या पुस्तिकेत मांडले. दक्षिण इंग्लंडचा शिष्ट उच्चार ही आपत्ती वाढवीत आहे, असा त्यांचा आक्षेप होता. डॅनियल जोन्स यांच्या उच्चारकोशावर त्यांचा मुख्य रोख होता.

आक्षेप अगदीच निराधार नव्हता. ‘क्वीन’ म्हणजे राणी आणि दुसरा ‘क्वीन’ म्हणजे बदचालीची स्त्री, हे शब्द एकरूप झाले तेव्हा दुसऱ्याला शिष्ट भाषेतून जावे लागले. ‘लेट’चे तसेच. मुभा देणे आणि अडविणे, अशी परस्परविरोधी दोन क्रियापदे त्या एका रूपात होती. अडविणारे ‘लेट’ आज टेनिसच्या मैदानावर आणि पारपत्रावरील (भारतीय पारपत्रावरीलही) साचेबंद वाक्यात तेवढे उरले आहे. परंतु मांस आणि भेटणे हे दोन ‘मीट’ सुखेनैव नांदतात, कारण वाक्यातील त्यांच्या जागा भिन्न आहेत. दोन्ही शब्द एकाच जागेवर हक्क सांगू लागले तरच संकट येते. ब्रिजेस यांनी या अटीला पुरेसे वजन दिले नाही.

लंडनच्या ईस्ट एंडमधील बोलीने तर हे भय धुडकावूनच लावले. हॉटन यांच्या १८५९ च्या कोशात तेथील यमकी बोलीची नोंद आहे. ‘हेड’शी यमक जुळते म्हणून डोक्याला ‘लोफ ऑफ ब्रेड’ म्हणावयाचे आणि मग यमकाचा शब्दच गाळून नुसते ‘लोफ’ ठेवावयाचे, अशी तिची रीत. पाव, डोके आणि उनाडणे (मराठीतला ‘लोफर’ याच तिसऱ्या अर्थाकडून आला) असे तिन्ही अर्थ एका ध्वनीत राहतात. बाहेरचा माणूस गोंधळतो. बोलणारा गोंधळत नाही.

मराठीत ऱ्हस्व-दीर्घाच्या नियमांचे समर्थन करताना ‘दिन’ आणि ‘दीन’ ही जोडी हमखास पुढे केली जाते. बोलण्यात ही जोडी एकच आहे, आणि एक नाम तर दुसरे विशेषण असल्याने कोणाचेही अडत नाही. परंपरेसाठी किंवा व्युत्पत्तीसाठी नियम राखावयाचे असतील तर तसे स्पष्ट म्हणावे; अर्थहानीचा धाक दाखवू नये. ‘शिर’ आणि ‘शीर’ ही त्याहून अवघड जोडी, कारण दोन्ही नामे आणि दोन्ही शरीराशी संबंधित. तरीही ‘कापले’ म्हटले की मस्तक आणि ‘कापली’ म्हटले की रक्तवाहिनी, हे ऐकणाऱ्याला लिंगावरून तत्काळ कळते.