देवमासा आला गल्लीत!

2017 मध्ये ‘ब्लू व्हेल’ हा शब्द सोलापुरात घराघरात पोचला, तो एका जीवघेण्या ऑनलाइन गेमच्या बातम्यांमुळे. खरा ब्लू व्हेल बिचारा बाजूलाच राहिला. त्यात आपल्याकडून समुद्र खूपच लांब. मग इथल्या चिल्ल्यापिल्ल्यांसाठी व्हेल कोण? तर मोबाइलच्या स्क्रीनवरचा बोटाएवढा निळा मासा!

मागच्या रविवारी माझ्या पाच वर्षांच्या भाचीबरोबर मी जरा वेगळा फंडा ट्राय केला. मोबाइल कपाटात, व्हेल हातात.

आधी साइज. मोठ्यात मोठा ब्लू व्हेल शंभर फुटांच्या आसपास भरतो. आमच्या घरची सोलापुरी चादर साडेसात फूट. तीच चादर गल्लीत एकापुढे एक तेरा वेळा टाकली, खडूने खुणा केल्या. जन्मलेलं पिल्लूच तीन चादरींएवढं! ‘‘मावशी, ह्याची शेपटी किराणा दुकानात गेली की!’’ इति भाची.

मग जेवण. ब्लू व्हेलला दात नसतात. वरच्या जबड्यात झालरीसारख्या पट्ट्या असतात, आपली नखं ज्या केराटिनची बनतात त्याच्याच. वाडग्यात पाणी, त्यात चिरलेली कोथिंबीर आणि एक नवा बारीक दातांचा कंगवा. पाणी निसटतं, कोथिंबीर अडकते. कोळंबीसारखे बारके क्रिल व्हेल असेच गाळून खातो.

सगळ्यात भन्नाट प्रयोग डालड्याचा. प्लास्टिकच्या दोन पिशव्या एकात एक घालायच्या, मध्ये डालडा भरायचा, आत हात घालून तो बर्फाच्या पाण्यात बुडवायचा. दुसरा हात तसाच. उघडा हात लगेच बाहेर येतो, डालड्यातला मजेत राहतो. व्हेलच्या कातडीखाली असाच चरबीचा जाड थर असतो. नावात ‘मासा’ असला तरी देवमासा मासा नाहीच. तो आपल्यासारखा हवेत श्वास घेतो, अंग गरम ठेवतो, पिल्लाला दूध पाजतो.

नोव्हेंबर 2023 मध्ये गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर व्हेलचं पिल्लू अडकलं होतं. लोकांनी खूप धडपड करून त्याला समुद्रात नेलं, पण ते जगलं नाही. एवढ्याशा पोरीला हे सांगावं का, असं मनात आलंच. तरी सांगितलं. ती हाताचा डालडा पुसत होती. म्हणाली, ‘‘वाळूत त्याला किती उकडलं असेल गं!’’

अगदी बरोबर. गार पाण्यात जीव वाचवणारा हाच थर किनाऱ्यावर व्हेलला तापवतो. त्यात स्वतःच्याच वजनाने शरीर दबतं. हे मी तिला शिकवलं नव्हतं. तिच्या हाताला कळलं होतं.

तेव्हा या वीकेंडला घरातल्या छोट्या कंपनीला घ्या आणि चादर काढा. गल्ली मात्र लांब हवी!